माधव इफेक्ट

प्रोफेसर माधवरावांना कुणाला मारायचं झालं, तर ते आधी त्याला बसायला सांगत. उभ्या माणसावर हात टाकणं त्यांच्या घराण्यात असभ्य समजलं जाई. बसलेल्या माणसाला पळता येत नाही, हा फायदा ते बोलून दाखवत नसत.

"उन्मेषराव, आपण बसावें," ते म्हणत. उन्मेष गुळवणी स्टुलावर बसे. "आपल्या मस्तकांत कांहीं आहे काय?" हा पुढचा प्रश्न असे, आणि उत्तराची वाट न पाहता ते मस्तक लाकडी पट्टीनं वाजवून पाहत.

माधवरावांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आले ते तिथलेच झाले. येताना जी मराठी बांधून आणली होती तीच घरात अजून वापरात होती, फाटेल तिथं तमिळचं ठिगळ लावून. त्या मराठीत विद्यार्थ्याला अरेतुरे करायची सोय नव्हती. उन्मेष मिरजेचा. शिव्या खायची त्याला लहानपणापासून सवय होती, पण इतक्या अदबीनं मार खायची नव्हती. पहिल्या वर्षी त्याला वाटायचं की आपला सत्कार चाललाय आणि मध्येच सरांचा हात निसटतोय. पाचव्या वर्षी असं वाटेनासं झालं.

हे चाले दक्षिणेतच, अड्यारमधल्या एका संशोधन संस्थेत, दोन हजार सहा साली. उन्मेषचा प्रबंध पुरा होत आला होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याची जागा ठरली होती. अडलं होतं ते एका सहीपाशी. माधवराव सही करतील तर उन्मेष डॉक्टर होऊन पुण्याला जाणार होता. नाही केली, तर स्टूल होतंच.

विषय साबणाचा. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला पाण्याचा तिटकारा. असे रेणू थोडे असले की बिचारे पाण्याच्या कडेकडेनं अंग चोरून उभे राहतात. संख्या एका हद्दीपलीकडे गेली की एकाएकी टोळ्या करतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. वंगण, तेल, मळ, जे सापडेल ते या टोळ्या पोटात घेतात, आणि भांडी स्वच्छ निघतात ती त्यामुळं. ही हद्द नेमकी कुठं, ते उन्मेष विजेनं शोधत असे. पाण्यात एक ओळखीचा रेणू सोडायचा, इलेक्ट्रोडवर विजेचा दाब चढवत न्यायचा आणि प्रवाह किती येतो ते पाहायचं. टोळ्या नसतील तर तो रेणू मोकळा धावत येतो. टोळ्या झाल्या की त्यालाही धरून आत बसवतात, मग तो रखडत येतो आणि प्रवाह पडतो. पडला की समजायचं, हद्द ओलांडली.

माधवरावांनी ही हद्द बत्तीस वर्षांपूर्वीच शोधली होती. त्यांचा आकडा बाकीच्या जगाच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता, आणि हे ते जगाचं मागासलेपण समजत. शिवाय त्यांनी एक गोष्ट पाहिली होती जी जगाला दिसली नव्हती. हद्दीजवळ आलं की त्यांच्या भांड्यात इलेक्ट्रोडच्या टोकाशी पांढरे ढग येत. "टोळ्या डोळ्यांनीं दिसताहेत!" असं त्यांनी लिहून छापलं. संस्थेत याला माधव इफेक्ट म्हणत. संस्थेबाहेर काहीच म्हणत नसत.

तर एका सकाळी उन्मेषनं काचेचं भांडं साबणानं धुतलं.

साबणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत साबणाला सक्त बंदी असते. काचेला कणभर साबण चिकटून राहिला तरी मोजमापाचे तीनतेरा वाजतात. उन्मेषला हे माहीत होतं. पण इडलीचं तेल बोटाला लागलं होतं, बोटाचं भांड्याला लागलं, आणि हात आपसूक बेसिनवरच्या वडीकडे गेला. मागं माधवराव उभे होते.

"उन्मेषराव," ते म्हणाले. आज त्यांनी बसायला सांगितलं नाही. उन्मेष सावध व्हायला हवा होता. माधवरावांच्या हाताशी पोटॅशियम क्लोराइडची भरलेली बाटली होती. ती निघाली ती थेट उन्मेषच्या कानावर. कानाची पाळी फाटली, बाटली भिंतीवर फुटली, आणि पांढरं मीठ अन् लाल रक्त एकाच फरशीवर सांडलं.

"आपण इजा करून घेतलीत," माधवराव म्हणाले आणि जेवायला गेले.

शेजारच्या टेबलावर काम करणारी विद्युलता ठाण्याची. तिच्या खणात पोटॅशियमपेक्षा मलमपट्ट्याच जास्त असत. उन्मेषच्या कानावर कापूस दाबत तिनं विचारलं, "आज काय?"

"पोटॅशियम क्लोराइड."

"अर्ध्या किलोची की किलोची?"

"किलोची."

"म्हणजे मनापासून चिडले होते. हलू नकोस रे, पाळी लोंबतेय तुझी."

"पडेल?"

"पडली तर तुलाच देईन. मला काय करायचीय?"

दवाखान्यात टाके घालून उन्मेष परत आला तेव्हा अडचण अशी होती, की मोजमापाच्या भांड्यात एक नळी असते, आणि ती नळी गेली बत्तीस वर्षं पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यानं भरली जात होती. बाटली तर भिंतीवर होती. स्टोअरकडून नवी मागवावी तर स्टोअरवाल्याला आधी जुनी रिकामी बाटली दाखवावी लागे. उन्मेषनं नळीत साधं मीठ भरलं, म्हणजे सोडियमचं, आणि प्रयोग लावला.

पांढरे ढग आले नाहीत.

त्यानं साबण वाढवला. पाणी आरशासारखं नितळ. आणखी वाढवला. पडद्यावरची रेघ माधवरावांच्या आकड्यापाशी आली, तिथं तिनं मान वर करूनही पाहिलं नाही, आणि मजेत पुढं जाऊन बाकीच्या जगाच्या आकड्यापाशी पडली. उन्मेषनं प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. मग त्याचा कान ठणकायला लागला, आणि ठणकता ठणकता त्याला काहीतरी सुचलं. त्यानं भिंतीलगतची फरशी खरवडली, गुलाबी झालेलं चिमूटभर पोटॅशियम भांड्यात टाकलं, आणि त्या क्षणी माधव इफेक्ट आपल्या पूर्ण वैभवानिशी अवतरला.

विद्युलतानं भांडं उजेडाकडे धरलं. "म्हणजे या टोळ्या नव्हेत?"

"गाळ आहे. या साबणाला सोडियम चालतं, पोटॅशियमशी गाठ पडली की थंड पाण्यात विरघळत नाही, खाली बसतो. नळीतून पोटॅशियम झिरपत होतं. सरांनी टोळ्या बघितल्याच नाहीत. त्यांनी नळी गळताना बघितली."

"बत्तीस वर्षं?"

"बत्तीस वर्षं."

विद्युलता हसू आवरत होती. "सांगणार आहेस त्यांना?"

"सही झाल्यावर."

"आणि प्रबंधात कुठला आकडा घालणार?"

उन्मेष कानाला हात लावून म्हणाला, "सरांचा."

त्यात त्याला फार वाईट वाटलं नाही. एक आकडा चुकला तर कुणाचं काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी गुम्मिडिपूंडीहून गुरुमूर्ती आला. उजव्या भुवईवर मोठी पट्टी, हातात मोटारीच्या दाराची मूठ. गुरुमूर्तीचा निकेलचा मुलामा देण्याचा कारखाना होता. मुठीवरचं वंगण साबण आणि पोटॅशच्या हौदात धुवायचं, मग मुलामा चढवायचा, मग मोटार कंपनीला पाठवायच्या. हौदात किती साबण घालायचा ते माधवरावांनी आपल्या आकड्यावरून ठरवून दिलं होतं. कमी लागतो म्हणून गुरुमूर्ती खूश होता. पाणी तापवायचीही गरज नाही, असं सर म्हणाले, तेव्हा तर त्यानं सरांना शाल घातली होती.

आता त्यानं ती मूठ टेबलावर ठेवली आणि नखानं खरवडली. निकेल केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. खाली वंगण जसंच्या तसं होतं.

"कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यानं हीच मूठ मला फेकून मारली सार," गुरुमूर्ती म्हणाला. "इथं. आठ टाके. मी परत जाऊन सुपरवायझरला मारलं. सुपरवायझरनं पद्मनाभला मारलं. पद्मनाभ हौदावर असतो. साबण तोच टाकतो. सगळे म्हणतात, टाकत नाही, बाहेर विकतो. तिरुडन! चोर! तुमचं मशीन आणा. हौदात साबण आहे की नाही तेवढं सांगा. नसला तर त्याचं बघतो. असला तर..." इथं तो थांबला आणि माधवरावांकडे फार प्रेमानं पाहू लागला.

"आम्ही येतों," माधवराव म्हणाले. "उन्मेषराव, यंत्र घ्यावें."

गाडीत यंत्र उन्मेषच्या मांडीवर होतं आणि माधवराव पुढं. पाण्याचे लॉरी-टँकर मागं पडत होते. सरांनी मागं न वळता विचारलं, "नळी भरलीत काय?"

"हो सर."

"कशानें?"

"मिठानं सर," उन्मेष म्हणाला. खोटं नव्हतं.

कारखान्यात हौद मधोमध होता, माणूसभर खोल. तळाशी आणि काठाला पांढरी साय धरली होती. कामगार भिंतीला पाठ लावून उभे होते, अंग चोरून, दोघादोघांत अंतर राखून. प्रत्येकाच्या हातात मुठी टांगायची लोखंडी सळई होती. हौदाशेजारी जमिनीवर पद्मनाभ बसवला होता. त्याचा जबडा टॉवेलनं डोक्याशी बांधला होता आणि एक डोळा मिटला होता. दात दुखत असलेल्या म्हाताऱ्यासारखा तो दिसत होता. वय असेल उन्मेषएवढंच.

माधवरावांनी हौदात बोट घातलं, पांढरी साय उचलली आणि ती सगळ्यांना दाखवली. "साबण आहे, हें पाहा. टोळ्या डोळ्यांनीं दिसताहेत."

"मशीनला दाखवा सार," गुरुमूर्ती म्हणाला.

उन्मेषनं वरचं नितळ पाणी भांड्यात घेतलं, इलेक्ट्रोड सोडला. पडद्यावर रेघ उठली, छान उंच चढली, आणि तशीच राहिली. पडायचं नाव नाही. ज्या पाण्यात टोळ्यांचा मागमूसही नाही त्या पाण्यात दिसते तशी रेघ.

"म्हणजे?" गुरुमूर्तीनं विचारलं.

उन्मेषनं इलेक्ट्रोड पुसून पुन्हा सोडला. रेघ तशीच.

"आहे की नाही साबण?"

"पाण्यात... नाही."

त्याला पुढं बोलायचं होतं, पण 'नाही' हा शब्द कारखान्यात कुणालाही समजला. भिंतीला चिकटलेले कामगार सुटले. मघापर्यंत जे एकेकटे कडेला होते ते एका दमात मधोमध आले. पहिली सळई पद्मनाभच्या खांद्यावर बसली, दुसरी पाठीवर. हाड मोडल्याचा आवाज उन्मेषनं आधी कधी ऐकला नव्हता. आता ऐकला. पद्मनाभला ओरडताही येत नव्हतं, जबडा बांधलेला. तो टॉवेलमधून नुसता फुसफुसत होता.

उन्मेषनं माधवरावांकडे पाहिलं. माधवराव बोटावरची साय न्याहाळत होते. एक आकडा चुकला तर कुणाचं काय बिघडतं, याचं उत्तर जमिनीवर पालथं पडलं होतं. सही चार पावलांवर उभी होती, धोतर आणि कोट घालून.

"साबण आहे!" उन्मेष ओरडला. मराठीत ओरडला. मग इंग्रजीत, मग त्याला येत असलेल्या मोडक्या तमिळमध्ये. "सोप इरुक्कु! सोप इरुक्कु! यानं चोरलेला नाही!"

तिसरी सळई वर होती. ती खाली आली, पण उन्मेष मध्ये गेल्यामुळं त्याच्या बरगडीवर आली. पडल्या पडल्या तो हौदाच्या तळाची साय बादलीत भरायला सांगत होता. ती बादली त्यांनी चहाच्या स्टोव्हवर ठेवली. सगळे वाट बघत उभे राहिले, सळया खांद्यावर घेऊन. बादली तापली तशी साय विरघळली, पाणी नितळ झालं. उन्मेषनं बरगडी धरून इलेक्ट्रोड तिच्यात सोडला. रेघ चढली आणि दाणकन पडली. गुरुमूर्तीनं हात घालून ढवळलं तर कोपरापर्यंत फेस.

"यानं साबण टाकला होता," उन्मेष म्हणाला. "सगळा. पण हौदात तुम्ही पोटॅश घालता, म्हणजे पोटॅशियमचीच अल्कली. पोटॅशनं साबणाचा गाळ केला. थंड पाण्यात तो खाली बसून राहतो, मुठींना लागतच नाही. सोडा घाला पोटॅशच्या जागी. आणि साबणही वाढवा. आकडा... आकडा चुकीचा होता."

"पोटॅश कुणी सांगितली?" गुरुमूर्तीनं विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. माधवरावही ते नाकारणाऱ्यांतले नव्हते. "आम्ही," ते म्हणाले. "तो गाळ नव्हे. तो माधव इफेक्ट. उन्मेषराव, आपण बसावें." आणि त्यांनी हाताशी असलेली दाराची मूठ उचलली.

ती त्यांना फेकता आली नाही. पहिला गुरुमूर्तीच पोचला. त्यानं भुवईचा हिशेब एका ठोशात चुकता केला. माधवरावांचा पुढचा दात उन्मेषच्या पायाशी येऊन थांबला. मग सुपरवायझर, मग मघाशी पद्मनाभला मारणारे सगळे. त्यांचा राग तोच होता, फक्त पत्ता बदलला होता. चौघांनी माधवरावांना उचललं, झुलवलं आणि पोटॅशच्या हौदात टाकलं.

ते वर आले तेव्हा सगळे काठाशी वाकून पाहू लागले. माधवराव रोज सकाळी डोक्याला खोबरेल चोपडत. आता पाण्यातून निघालेल्या त्या डोक्यावर तेल जसंच्या तसं चमकत होतं, पाणी मोत्यासारखं ओघळून जात होतं, आणि त्यावर मुठींचं काळं वंगण नव्यानं बसलं होतं. हौदात साबण काही करत नाही, हे इतक्या स्वच्छपणे उन्मेषच्या आलेखातही दिसलं नसतं.

मग माधवराव किंचाळले. पोटॅश डोळ्यांत गेली होती.

उन्मेष हौदात उतरला. हे शूरपणाचं नव्हतं, तिथं उभ्या लोकांत डोळ्यांत अल्कली गेली की काय करायचं हे माहीत असलेला तो एकटाच होता. त्यानं सरांना बखोटीला धरून बाहेर ओढलं, जमिनीवर पाडलं, छातीवर बसला, एका हातानं पापण्या फाकवल्या आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा पाइप थेट डोळ्यांत सोडला. माधवराव हातपाय झाडत होते. त्यांचा एक ठोसा उन्मेषच्या टाके घातलेल्या कानावर बसला, टाके उसवले. त्यानं पाइप सोडला नाही. पाणी वाहत राहिलं, रक्त मिसळून, पद्मनाभपर्यंत. पद्मनाभनं आपला उरलेला डोळा उघडून हे सगळं पाहिलं. एवढ्या वेळात त्याला कुणी उचललं नव्हतं. शेवटी त्याला गुरुमूर्तीच्याच गाडीत घातलं, मागच्या सीटवर, सरांच्या शेजारी.

नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माधवरावांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. एक डोळा नक्की वाचेल, दुसऱ्याचं नंतर सांगू, असं डॉक्टर म्हणाले. उन्मेष बरगडी आवळून रोज तिथं जाऊ लागला. पहिल्या दिवशी सरांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं पाण्याचा तांब्या फेकला. दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली. नर्सनं मग कॉटजवळचं सगळं उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी फेकायला उशीच उरली होती. ती त्यांनी फेकली, आणि डोकं टेकायला काही न राहिल्यामुळं ते बसून राहिले.

"पद्मनाभ कसा आहे?" त्यांनी विचारलं. हे त्यांच्याकडून अनपेक्षित होतं.

"खांद्याचं हाड मोडलंय सर. जबडा तारेनं बांधलाय. बोलता येत नाही."

"बरें आहे. बोलता आलें असतें तर काय बोलला असता तें आम्हांस ठाऊक आहे." मग त्यांनी विचारलं, "प्रबंधांत काय लिहिलें?"

उन्मेषच्या हातात प्रबंध होता. सरांना दिसत नव्हतं. तुमचाच आकडा ठेवलाय सर, एवढं म्हटलं असतं तर हातात पेन देऊन बोट कागदावर टेकवायचं, आणि रात्रीची गाडी पकडायची. विद्युलतानं जिन्यात त्याला हेच सुचवलं होतं. तिच्या मते याला फसवणूक म्हणत नाहीत, याला शुश्रूषा म्हणतात.

"तुमचा आकडा चूक आहे असं लिहिलंय सर," उन्मेष म्हणाला. "का चूक आहे, तेही. नळीचं. गाळाचं."

"इफेक्टचें नांव?"

"काढून टाकलं."

माधवरावांचे हात पांघरुणावर काहीतरी शोधत फिरले. काही सापडलं नाही.

"किती वर्षें झालीं त्यास?"

"बत्तीस."

"अय्यो," माधवराव हळूच म्हणाले. खालून रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते. त्यांच्या ओठांत जिथं दात होता तिथून नुसता वारा जात-येत होता.

"नळी कशी गळते तें कोणत्या पानावर?"

"चौथ्या प्रकरणात सर."

"तें वाचा."

उन्मेषनं वाचलं. पोटॅशियम, सोडियम, थंड पाणी, गरम पाणी. माधवराव मान खाली घालून ऐकत होते. एके ठिकाणी त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, आणि तो बदल बरोबर होता. वाचून संपलं तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला.

"सही आम्ही देतों," ते म्हणाले. "मजकूर शुद्ध आहे. पेन आणलें काय?"

"आणलंय सर."

"तें तेथें ठेवावें. आधीं आपण इकडे, कॉटवर, आमच्याजवळ बसावें."

उन्मेषनं पेन खिडकीत ठेवलं. चष्मा काढून त्याच्या शेजारी ठेवला. मग चांगला कान सरांकडे येईल असा वळून, तो कॉटवर जाऊन बसला.